मिराबाई कुठे उतरली

सेनगाव
१२ जुलै २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तुमचा फोन बंद, आणि मोबाइलवर अंगठ्यानं लिहिलेल्या मजकुराला तुम्ही पत्र मानत नाही. त्यामुळे लहानपणी सुट्टीत सिद्धेश्वरला आले की तुम्ही जबरदस्तीनं बसवून शिकवलेलं पत्रलेखन आज पहिल्यांदा कामाला आलं.

तुम्ही आईला चिठ्ठी लिहून विचारलंत, पोरगी वर्षभर घरी बसून करते काय? सांगते. गेल्या ऑक्टोबरात हिंगोलीच्या हळदीच्या अडतीवरची संगणकाची नोकरी सोडली आणि लिहायला म्हणून आईकडून एक वर्ष मागून घेतलं. शेठजी चांगला माणूस. म्हणाले, "बेटा, कुर्सी रखता हूँ, सालभर लिख ले." ते वर्ष सहा ऑक्टोबरला, सोमवारी संपतं. तोवर एक जरी कथा कुठे छापून आली तर पुढे लिहायचं, नाहीतर खुर्चीवर जाऊन बसायचं, असं आईचं आणि माझं ठरलंय.

नऊ कथा लिहिल्या आणि अकरा नकार आले. एका मासिकानं कळवलं की आपल्या भागातल्या शेतकरी आत्महत्यांवर काही असल्यास जरूर पाठवा. दुसऱ्यानं माझं आडनाव वाचलं असावं, कारण त्यांना माझ्याकडून अधिक विद्रोही लेखनाची अपेक्षा आहे. एका दिवाळी अंकानं माझी कथा परत करताना तिच्यासोबत कळमनुरीच्या कुणा गृहस्थांची कविताही चुकून माझ्याकडे पाठवली. मी ती त्यांना पोचती केली. त्यांचं आभाराचं उत्तर आलं. वर्षभरातलं सगळ्यात प्रेमळ पत्र तेच.

सोबत एक कथा पाठवते, माझी सगळ्यात लाडकी. मिराबाई शहात्तर वर्षांची आहे. घरात सून तिला दिवसभर उठवत असते, इथून उठा, तिथून उठा. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे हे तिला कळतं आणि ती रोज सकाळी सेनगाव-हिंगोली गाडीत खिडकीशी जाऊन बसते. दिवसभर जाते, येते. तिथे तिला कुणी ऊठ म्हणत नाही. कंडक्टर देतो ती शून्य रुपयाची तिकिटं ती कंबरेच्या पिशवीत जपून ठेवते. शेवटी एका संध्याकाळी हिंगोलीच्या डेपोत गाडी रिकामी होते, कंडक्टर तिला हलवतो, आणि ती उठत नाही.

ही कथा तीन ठिकाणांहून परत आली. एका संपादकांनी लिहिलं, "व्यक्तिरेखा खरी वाटत नाही. अशी बाई असू शकत नाही."

तुम्ही वाचा आणि खरं काय ते सांगा. मात्र कुणाला दाखवू नका.

तुमची,
ज्योती


सिद्धेश्वर
२० जुलै २०२५

चि. ज्योती,
जयभीम.

तुझं पत्र वाचून मी टेबलावर मूठ आपटली. तोंडातून शब्द काढायला डॉक्टरची बंदी आहे, मुठीला नाही. गळ्यात पाटी आणि खिशात खडू घेऊन हिंडतो. तुझी आई परवा येऊन गेली. म्हणाली, "रत्नपाल, चाळीस वर्षं बोललास, आता जरा आमचं ऐक." मी पाटीवर लिहिलं, 'बोल.' ती दोन तास बोलली.

ज्या माणसानं सेनगावची एसटी पाहिली नाही, तो ठरवणार की त्या एसटीत कोण बसू शकतं? त्याला आपलं दुःख हवं आहे, पण त्यानं आधीच शिवून ठेवलेल्या मापाचं. फाशीचा दोर दिला तर आपण खरे. खिडकीशी बसून बाहेर बघणारी म्हातारी दिली तर ती असू शकत नाही. म्हणजे आपल्या माणसाला मरायची परवानगी आहे, फिरायला जायची नाही. जगभरचे कथाकार मी वाचले आहेत, पोरी. दिवाणखान्यात बसून कंटाळलेल्या साहेबांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आणि आपण ती माना डोलावत वाचली. तेव्हा कुणी विचारलं नाही, असा साहेब असू शकतो का?

हे झालं त्यांचं. आता माझं. तू खरं मागितलंस म्हणून सांगतो. भाषा स्वच्छ आहे, बाई डोळ्यांपुढे उभी राहते. पण यात आग कुठे आहे? आपल्या लोकांनी पाण्यासाठी, अक्षरासाठी, रस्त्यावरून ताठ मानेनं चालण्यासाठी डोकी फोडून घेतली, आणि आपली शिकलेली पोरगी लिहिते काय, तर एक म्हातारी गाडीत बसून राहते. ती सुनेला जाब विचारत नाही, पंचायतीत जात नाही. बसून राहते. समाज बसून राहिल्यानं बदलत नाही. मिराबाईला उभी कर. मग बघ.

माझी काळजी नको. नोव्हेंबरपासून आवाज सुरू होईल. सभांच्या तारखा द्यायला सुरुवात केली आहे.

तुझा,
रत्नपाल मामा


सेनगाव
२६ जुलै २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

अकरा होते, तुमचा बारावा. गंमत अशी की त्या विद्रोहवाल्या संपादकांचं आणि तुमचं म्हणणं एकच आहे, फक्त त्यांनी ते दोन ओळींत सांगितलं.

मिराबाईला आयुष्यभर सगळ्यांनी उभंच केलं होतं, मामा. म्हणून ती बसली. हे तुम्हाला दिसलं नसेल तर मलाच दाखवता आलं नाही.

शेठजींना निरोप दिला आहे की सहा तारखेला येते. कागद परत पाठवा. दुसरी प्रत नाही.

ज्योती


सिद्धेश्वर
२४ ऑगस्ट २०२५

चि. ज्योती,
जयभीम.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं. मला न सुचण्याची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

कागद सुखरूप आहेत. सध्या पाठवता येत नाहीत. हवा दमट आहे आणि टपालात शाई फुटते. थोड्या दिवसांनी पाठवतो.

दरम्यान काही शंका. मिराबाई चहात साखर घेते की गूळ? ती ड्रायव्हरच्या बाजूला बसते की दाराच्या? सुनेचं नाव तू दिलेलं नाहीस, ते मुद्दाम का? दुपारी ती जेवते काय? आणि तिला लेक आहे का? उत्तरं लवकर पाठव, शक्यतो रविवारच्या आत.

मामा


सेनगाव
२ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

रविवार निघून गेला, कारण तुमचं पत्रच सोमवारी आलं. पण रविवारच्या आत का? ज्या म्हातारीत आग नाही ती गूळ खाते की साखर, याची एवढी घाई तुम्हाला कशाला?

तरी सांगते. गूळ. दाराच्या बाजूला, कारण गुडघा दुखतो आणि तिथे पाय लांब करता येतो. सुनेला नाव नाही, कारण मिराबाई मनातल्या मनातही तिचं नाव घेत नाही. जेवण म्हणजे घरून आणलेली अर्धी भाकर, पदरात बांधलेली. लेकीचा मी विचार केला नव्हता.

या आठवड्यात मी काही लिहिलं नाही. संगणकावर हात बसावा म्हणून रोज तासभर टाईप करते, आणि आई मान डोलावत बघते. मी नोकरीला परत निघाले म्हणून तिला बरं वाटत असेल, असं मला वाटलं होतं. काल भाजी निवडताना म्हणाली, "मूग तोडायला बाया मिळून नाही राहिल्या आणि घरात एक बसून टकटक करते." यावरून काय समजायचं ते मला समजलं नाही.

कागद पाठवाच.

ज्योती


सेनगाव
१८ सप्टेंबर २०२५

मामा,
जयभीम नंतर. आधी उत्तर द्या, तुम्ही केलंय काय?

काल दुपारी दारात तीन बाया. पुढे गोजरबाई, तुमच्या धरणावर मासे विकणारी. डोक्यावर गाठोडं. आई म्हणाली, "या, बसा." गोजरबाई म्हणाली, "बसायला न्हाई आलो बाई. मिराबाईचं घर कोणतं तेवढं दाखवा. तिच्या सुनंला दोन शब्द बोलायचे हायत."

मी विचारलं, "कोणती मिराबाई?"

"तूच लिहिली ना? काहून लपवून राहिली? सुनिता दर ऐतवारी ग्रंथ झाला की वाचून राहिली विहारात."

मामा, त्या सकाळी सातला सिद्धेश्वरहून निघाल्या होत्या, अर्ध्या तिकिटावर. हिंगोलीच्या डेपोत दोन तास सेनगावच्या प्रत्येक गाडीत चढून दाराकडच्या सीटा तपासल्या. फुलसिंग नावाच्या कंडक्टरला धरलं. तो म्हणाला, "अशा दहा आज्या बसतात, कोणती?" गोजरबाई म्हणाली, "शून्याची तिकिटं कंबरेला बांधणारी. गुडघ्यानं अधू." तो म्हणाला, "हां, ती. दोन दिवस दिसली न्हाई." तेव्हापासून तिघींच्या जिवाला घोर. गाठोड्यात एक धुतलेलं लुगडं, सहा भाकरी, सुकटीची चटणी आणि गुळाचा खडा. गूळ माझ्याच उत्तरातला, हे आता कळलं.

मी म्हणाले, "आजी, ती खरी नाही. मी मनानं केली."

"मनानं काहून करशील? विहारात वाचलंय. त्या चौरंगावरून खोटं वाचत न्हाईत."

"पण ती नाहीच ना."

"मग तिचा गुडघा दुखतो ते तुला कसं ठावं?"

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. माझी आई, पद्माबाई, जिनं जन्मात भाजीवालीलाही खोटं सांगितलं नाही, ती शांतपणे म्हणाली, "मिराबाई लेकीकडं गेली हाय, वसमतला. गुडघ्याला मालीश चालू हाय."

तिघींचा जीव भांड्यात पडला. गोजरबाई म्हणाली, "मला वाटलंच, लेक असणार. मग पुनवेला आणा तिला. शेवट वाचायचा हाय, तिनं बी ऐकावा." भाकरी आमच्याकडे ठेवून गेल्या. चटणी फार चांगली होती.

त्या गेल्यावर आईनं विचारलं, "ती बाई तुझ्या कागदात शेवटी मरते काय?"

"हो."

"काहून मारलीस?"

मी रात्रभर याचंच उत्तर शोधत होते. खरं सांगू? मिराबाईला मरायचं नव्हतं. मेलेली बाई संपादकाला जास्त आवडेल असं मला वाटलं, म्हणून मारली. आणि वर त्यांनाच नावं ठेवत बसले.

आता तुम्ही सांगा. मी दाखवू नका म्हटलं होतं.

ज्योती


सिद्धेश्वर
२३ सप्टेंबर २०२५

चि. ज्योती,
जयभीम.

आरोप मान्य आहे. बचाव नाही, हकिगत आहे.

तुझं बाराव्या नकाराचं पत्र मिळालं त्या दिवशी मी जेवलो नाही. रागावलो होतो, पण कुणावर ते ठरत नव्हतं. आयुष्यभर मी एकच न्याय मानत आलो. बोलताना समोरची माणसं बसून राहतात की उठून जातात. बाकी समीक्षा मी जुमानत नाही. म्हटलं, पोरगी चूक की मी चूक, लोकांपुढे ठेवू. विहारात वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं ग्रंथवाचन चालू होतं. तीस वर्षं ते माझ्या आवाजात झालं, यंदा गावातली सुनिता वाचते. रविवारी ग्रंथ बांधून झाल्यावर मी तुझी दोन पानं तिच्यापुढे ठेवली आणि पाटीवर लिहिलं, 'हेही वाच. श्वास घेत वाच.'

कुणी उठलं नाही, ज्योती. मिसरीची डबी उघडल्याचा आवाज आला नाही. मिराबाई खिडकीशी बसली तिथे सुनितानं पान संपवलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बसू दे तिला." कोण होतं ते मी वळून पाहिलं नाही. त्या खोलीत मी तीस वर्षं 'उठा' म्हणत आलो. उठा, पेटून उठा. बाया यायच्या, ऐकायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि घरी जाऊन पुन्हा उभ्याच राहायच्या, चुलीपुढे, नळावर, रोजगार हमीवर. 'बसा' असं त्यांना मी कधी म्हणालो नव्हतो. तू म्हणालीस. आग कुठे आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही महिनाभर तुला लिहायला लाज वाटली.

दुसरा गुन्हा मोठा आहे. तिसऱ्या रविवारी बाया मिराबाईला शोधायच्या गोष्टी करू लागल्या. पाटी गळ्यात होती, खडू हातात होता. 'ही कथा आहे' एवढे तीन शब्द लिहायचे होते. मी लिहिले नाहीत. त्या चौरंगावरून खरंच वाचलं जातं, आणि हे खोटं आहे असं लिहायला माझा हात उठेना. शेवटची दोन पानं मात्र मी सुनिताला दिलेली नाहीत. ती माझ्या उशीखाली आहेत.

आणि तिसरं. नोव्हेंबरपासून आवाज येणार हे मी तुला लिहिलं ते खोटं होतं. मेमध्येच डॉक्टरनं सांगितलं, घरात बोलण्यापुरता येईल, सभेपुरता येणार नाही. तारखा मी दिल्या नाहीत, कुणी मागितल्याही नाहीत. यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकही निमंत्रण नाही. तुझे बारा, माझे त्याहून जास्त. फरक इतकाच की तुला निदान कळवतात.

पौर्णिमा सहा तारखेला आहे, सोमवारी. तुझी खुर्चीही त्याच सोमवारी. शेवटची पानं मी कुणालाही वाचायला देणार नाही. तू येऊन वाच, नाहीतर ती उशीखालीच राहतील. जबरदस्ती नाही. पण गोजरबाईनं दोन पायल्या तांदूळ काढून ठेवले आहेत, हे कळवणं माझं कर्तव्य आहे.

तुझा,
मामा


सेनगाव
१५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

पौर्णिमेच्या सोमवारी विहारात तुमच्यापुढेच होते, तेव्हा तिथलं काही सांगत नाही. तुम्ही पाटीवर 'हळू' लिहून दोनदा वर धरलीत ते मात्र मी पाहिलं. नवा शेवट मी येताना हिंगोली-औंढा गाडीत लिहिला, म्हणून अक्षर वाकडंतिकडं होतं. मिराबाई हिंगोलीच्या डेपोत उतरून पहिल्यांदाच दुसऱ्या गाडीत चढते, सिद्धेश्वरला उतरते आणि ग्रंथ कुठे चालतो ते विचारत येते. याहून वेगळं काही मला सुचेना, आणि सुचायला नकोही होतं. "पण ती आधी पाणी मागंल, मग ग्रंथ इचारंल," असं गोजरबाई म्हणाली, ते बरोबर आहे. तसं बदललं.

आता नवीन. मंगळवारी शेठजींकडे गेले. म्हणाले, "एक दिन लेट?" मी म्हणाले, "शेठजी, सकाळी येईन, एकपर्यंत. दुपारनंतर माझं काम असतं." त्यांनी विचारलं, "छपा क्या कुछ?" मी म्हणाले, "नाही, पण ऐकलं." त्यांना काय कळलं कोण जाणे. म्हणाले, हळदीचा हंगाम लागेपर्यंत चालेल, पुढचं पुढे. म्हणजे फाल्गुनापर्यंत माझ्या दुपारी माझ्या आहेत. आईला वाटतं शेठजींना मी फसवलं. तरी तिनं खिडकीखाली टेबल सरकवून दिलं.

दुपारी दीडच्या सेनगाव गाडीत घरी येते. काल कंडक्टर फुलसिंग होता. मी सहज विचारलं, "ती शून्याच्या तिकिटाची आजी येते का हो हल्ली?" तो म्हणाला, "न्हाई बाई, ती आता सिद्धेश्वरला उतरली म्हणतात. चांगली होती. उतरताना चपला हातात घेऊन उतरायची, पायऱ्या घाण होतात म्हणून."

मामा, हे मी लिहिलं नव्हतं. मी लगेच वही काढली आणि त्याच्यादेखत चोरलं.

त्या 'असू शकत नाही' वाल्या संपादकांना कथा नव्या शेवटासह पुन्हा पाठवली आहे. सोबत काही खुलासा लिहिलेला नाही. बघू.

ज्योती


सिद्धेश्वर
२० ऑक्टोबर २०२५

चि. ज्योती,
जयभीम.

त्यांनी परत पाठवली तर मला कळव. मी टेबलावर मूठ आपटीन, आणि तू दुसरी लिहायला घे. माझ्या आवाजाचं म्हणशील तर आता रोज सकाळी सुनिताला वाचनाचा सराव देतो. ती वाचते, मी पाटीवर श्वासाच्या जागा दाखवतो. ती म्हणते, "मामा, तुमी न बोलता बी फार बोलता."

एक गोष्ट राहिली. त्या सोमवारी तू मान खाली घालून वाचत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. मी समोर होतो. मिराबाई विहाराच्या पायरीशी येऊन म्हणते, 'जरा सरक गं माय, गुडघा वाकत न्हाई.' हे वाक्य तू वाचलंस, आणि पायरीवर बसलेली गोजरबाई सरकली. हातभर. डोळे तुझ्याकडेच. फक्त सरकली, आणि तिच्या बाजूची बाईही सरकली.

मी चाळीस वर्षांत हजारो सभा घेतल्या. माझ्या शब्दावर लोक उठले, ओरडले, रस्त्यावर आले. माझ्या शब्दावर कुणी कुणासाठी जागा केल्याचं मला आठवत नाही.

वर्षावास संपला तरी रविवारची वंदना असते. काल गेलो होतो. गोजरबाई तिच्या नेहमीच्या पायरीवर होती. मी वर जायला लागलो तशी तिनं माझं धोतर धरलं आणि म्हणाली, "गुरुजी, जरा पलीकडून जा. हितं जागा ठेवली हाय."

तुझा,
मामा